नारिंगी श्री, साइज सात

सोमवार, २३ सप्टेंबर २०२४. सकाळी ७.१०

शुक्रवारी अप्रेझल झालं. शिवदास सरांनी शेरा दिला: काम अचूक, मोकळेपणा कमी. वाचून सही केली. वाईट वाटलं नाही. फक्त नोंद असावी म्हणून ही वही.

आजपासून साडेपाचला उठणे. (आज ६.५०. उद्यापासून.) ऑफिसखालचा वडापाव बंद. देवेशशी कामापुरतंच बोलणे. दुसऱ्याच्या चुकीवर मत द्यायचं नाही, फक्त तिची नोंद करायची.

दुपारी ३.४०

मोठं सापडलं. साध्या भाषेत लिहून ठेवते, पुढे कोणी मुलाखत वगैरे घेतली तर हाताशी असावं. अपेक्षा नाही. तयारी असलेली बरी.

आमची कंपनी मरोळच्या एमआयडीसीत, दुसरा मजला, अकरा माणसं. कारखान्यात भट्टी किंवा बॉयलरपुढे जो टचस्क्रीन असतो, ज्यावर ऑपरेटर तापमान बघतो आणि बटणं दाबतो, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. पडद्यावर वरच्या बाजूला 'शिफ्ट संदेश' नावाचा रकाना आहे. ऑपरेटर त्यात लिहितो: मैदा बदलला, पंखा आवाज करतोय. ते कारखान्यातल्या सगळ्या पडद्यांवर दिसतं.

आज टेस्टिंग करताना मी तिथे संदेशाऐवजी कोडची एक ओळ लिहिली. पडद्याने ती नुसती दाखवायला हवी होती. त्याने ती चालवली. टेबलावरच्या नमुना भट्टीचा आकडा दोनशे दहावरून तीनशे पन्नासवर गेला. बटणाला कोणाचा हात लागला नव्हता. हा पडदा चौदा कारखान्यांत बसवलेला आहे.

शेजारच्या टेबलावरच्या देवेशला दाखवलं. तो म्हणाला, वाट लागली. मी म्हटलं, याला त्रुटी सापडली असं म्हणतात.

अशा त्रुटींना एक आंतरराष्ट्रीय नंबर मिळतो आणि त्याखाली शोधणाऱ्याचं नाव छापतात. फॉर्म उघडून ठेवला. नुसतं गंधाली राऊळ की मध्ये बाबांचं अक्षर, यावर वेळ घालवला नाही. पंचवीस मिनिटं.

वडापाव एक. सापडल्याच्या दिवशी चालतो.

मंगळवार, २४ सप्टेंबर

उठले ६.४०. प्रगती.

बाकी सगळ्या रकान्यांना तपासणी आहे: कोडसारखं काही आलं की ते निरुपद्रवी अक्षरं करून टाकायचं. फक्त या एका रकान्याची तपासणी नाही. लावायची राहून गेलेली नाही. कोणीतरी लावलेली काढलीय.

मत द्यायचं नाही असं ठरलंय. तरी हे करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. 'चलता है'वाला. काम अर्धं टाकून चहाला जाणारा. आपला डबा आईने घासावा अशी अपेक्षा ठेवणारा.

धवलच असणार. दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. कीबोर्डवर चिवडा खायचा.

देवेश म्हणाला, अंदाज कशाला गं, कोणी कुठली ओळ कधी बदलली ते सगळं हिस्ट्रीत असतं, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, नावं काढणं हा माझा उद्देश नाही. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. तो म्हणाला, मग धवल? मी म्हटलं, तो पद्धतीचा भाग होता.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ. तपासणी परत लावली. चौदा कारखान्यांत टप्प्याटप्प्याने पाठवायची.

रात्रीचा डबा आईने घासला. मी अहवाल लिहीत होते.

गुरुवार, २६ सप्टेंबर. सायंकाळी ५.३०

चौदा कारखान्यांच्या तीन वर्षांच्या नोंदी चाळल्या. हे छिद्र आधी कोणाला सापडलं होतं का, ते बघायला.

सापडलं होतं.

कांजूरमार्गचा खारी-टोस्टचा कारखाना, भट्टी क्रमांक एक. संदेशाच्या रकान्यात कोड आलाय. २०२१, २०२२ आणि २०२३. दर ऑक्टोबरात एकदाच, सकाळी नऊच्या सुमारास. दोन तासांनी पुसलेला. अंगावर काटा आला. इतका संयम असलेला हल्लेखोर मी फक्त अभ्यासात वाचला होता.

कोड काय, तर एक अक्षर मोठं करून रंगवायचा हुकूम. रंग नारिंगी. साइज सात. अक्षर 'श्री'. एवढंच.

माझा निष्कर्ष: दार उघडं आहे ना, हे दर वर्षी येऊन बघून जायचं. 'श्री'च्या पुढे बहुधा नाव लिहायचं होतं, पण वेळीच सावध झाला. तारखा पंधरा, पाच आणि चोवीस. पॅटर्न लागत नाही. देवेश म्हणाला, चंद्रावर असेल. मी दुर्लक्ष केलं.

लॉगिन ऑपरेटरचं: जयवंत गावडे. वय सत्तावन्न, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. २०२१ साली ट्रेनी असताना मी ही भट्टी चालू करून द्यायला गेले होते. दोन दिवसांचं काम, अचूक केलं. तिथे एक काका होते, सारखे चहा आणून द्यायचे. चेहरा आठवत नाही. कामावर असताना मी चेहऱ्यांकडे बघत नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

अहवाल दिला. नऊ पानं. ठळक अक्षरांत: सक्रिय गैरवापर, सलग तीन वर्षं, आतला माणूस.

शिवदास सरांनी उभ्याने वाचला, मग बसून वाचला. कारखान्याला लगेच फोन केला. मग मला म्हणाले की कंपनीला एक सिक्युरिटी लीड हवाच होता, दसऱ्याच्या पूजेला सगळ्यांसमोर जाहीर करू. नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघत होते.

पदाचं मला आकर्षण नाही. व्हिजिटिंग कार्डावरचा फॉन्ट मात्र बदलून घेईन.

रविवार, २९ सप्टेंबर. कांदिवली

आईला ऑफिसचं सांगायचं नाही हे जुनं ठरलेलं. तिने विचारलं म्हणून सांगितलं. (तिने विचारलं होतं, पोळी हवी का.)

ती म्हणाली, त्याने काय चोरलं? काही नाही. काय मोडलं? काही नाही. मग केलं काय? मी म्हटलं, पडद्यावर श्री लिहिलं. कधी? मी तारखा सांगितल्या. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरमागे टांगलेली जुनी कॅलेंडरं चाळली आणि पोळी उलटली.

"अगो, ह्यो दसरो," ती म्हणाली. "मगे तेका पकडतंत कित्याक?"

आई सावंतवाडीची. बत्तीस वर्षं कांदिवलीत राहून मालवणी सोडलेली नाही. तिला समजावलं की सणाला कारखान्यात माणसं कमी असतात, हल्ले नेमके तेव्हाच होतात, तसे आंतरराष्ट्रीय अहवाल आहेत. ती म्हणाली, असतील बाय.

दसऱ्याचा मुद्दा अहवालात घातला. हल्ल्याची वेळ विचारपूर्वक निवडलेली. नऊची दहा पानं झाली.

मंगळवार, १ ऑक्टोबर

उठले ७.०५. काल अहवालामुळे ताण होता.

कारखान्याच्या प्रॉडक्शन मॅनेजर अनुपमा मॅडमचा सरांना फोन. गावडेंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. गेटवर फोटो लावलाय, प्रवेश बंद म्हणून. चौकशी दहा तारखेला, तांत्रिक तज्ज्ञ म्हणून मी यायचं. माझ्या अहवालातली वाक्यं त्यांनी जशीच्या तशी गावडेंना दिलेल्या पत्रात घातली आहेत. कधी नव्हे ते माझी वाक्यं कोणी न बदलता वापरली.

त्यांना गावडेंच्या ड्रॉवरमध्ये एक चिठ्ठीही मिळाली. त्यावर तीच ओळ, हाताने लिहिलेली. चिठ्ठी लॅमिनेट केलेली. व्हॉट्सॲपवर फोटो आला.

निरीक्षण: अक्षर स्वच्छ, सरळ, शिस्तीचं. एकही कंस सुटलेला नाही. सातच्या आकड्याच्या कमरेला आडवी रेघ, युरोपियन पद्धत. लिहिणारा गावडे नाही. त्याच्यामागे प्रशिक्षित माणूस आहे, आणि माणूस हुशार आहे.

देवेशने फोटो बराच वेळ पाहिला. मग माझ्या टेबलावरची वही पाहिली. मग म्हणाला, तुला हे अक्षर कसं वाटतं? मी म्हटलं, सुंदर आहे. तो म्हणाला, चल, चहा पिऊ. मी म्हटलं, कामापुरतंच बोलायचं ठरलंय. तो म्हणाला, हो ना यार, म्हणूनच.

चहा. वडापाव दोन.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

नवरात्राचे रंग मी पाळत नाही. काल पिवळा होता, मी पिवळ्यात होते. आज हिरवा, मी हिरव्यात. कपाट लहान आहे, योगायोग होतात. ग्रुप फोटोत उभी राहिले, कारण कडेला जागा होती.

तेरा कारखान्यांत दुरुस्ती पोचली. कांजूरमार्ग मुद्दाम बाकी ठेवलंय, पुरावा हलायला नको.

नंबरच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: मूळ कारण. चूक कधी आणि कशी शिरली ते लिहायचं. त्यासाठी हिस्ट्री बघावी लागेल. सोमवारी बघते. धवलला शनिवार-रविवार शांत जाऊ दे.

सोमवार, ७ ऑक्टोबर. सकाळी ११.२०

(पांढरा.)

हिस्ट्री पाहिली. तपासणीची ओळ काढली १४ ऑक्टोबर २०२१, दुपारी ४.१०. लॉगिन: ट्रेनी-२. सोबत शेरा: "काकांसाठी. सोमवारी परत लावणे."

ट्रेनी-२ हे लॉगिन मला दिलेलं होतं. पण पासवर्ड धवललाही माहीत होता. तेव्हा आम्ही दोघे ते वापरायचो. आणि धवल सगळ्यांना काका म्हणायचा. वॉचमनला, सरांना, एकदा मलाही.

दुपारी २.००

देवेश म्हणाला, त्या आठवड्यात धवलला डेंग्यू झाला होता, घाटकोपरला ॲडमिट होता, आपण दोघं बघायला गेलो होतो. तू शहाळं नेलं होतंस आणि त्याला बिलासकट दिलं होतंस.

डेंग्यूतही लोक काम करतात. प्लेटलेट्स आणि टायपिंग यांचा थेट संबंध नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

लाल. योगायोग.

शांतपणे तथ्यं मांडली. लॉगिन माझं. तारीख मी कांजूरमार्गला असल्याची. सातच्या कमरेला रेघ मीही देते. पण अशी रेघ देणारे जगात कोट्यवधी आहेत. युरोपात सगळेच.

शिवाय मी गोष्टी अर्ध्या टाकत नाही. "सोमवारी परत लावणे" असं मी लिहिलं असतं, तर सोमवारी लावलं असतं. यावरून उलट सिद्ध होतं.

उठले ५.३०. पहिल्यांदाच. झोपच नव्हती, त्यामुळे मोजावं की नाही ठरवलेलं नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर. दुपारी २.३०, रिक्षात, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर

(गुलाबी. कपाट बदलायला हवं.)

चौकशी झाली. क्रमाने लिहिते.

गेटवर फोटो होता. ए-फोर कागद, चारी कोपऱ्यांना सेलोटेप, खाली प्रवेश बंद. फोटो ओळखपत्रावरचा, त्यामुळे जरा घाबरल्यासारखा. ज्या माणसाचा फोटो होता तो त्याच्याखाली उभा राहून आत सोडायची वाट बघत होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. चेहरा बघितला आणि आठवला. चहाचे काका.

टेबलावर अनुपमा मॅडम, शिवदास सर आणि मी. समोर ते. मध्ये ती चिठ्ठी. फोटोत कागद साधा वाटला होता. प्रत्यक्षात आमच्या कंपनीच्या पॅडचं पान होतं, वर नाव छापलेलं. सातची कंबर मी लांबूनच ओळखली.

मॅडमनी विचारलं, हे कोणी शिकवलं? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"आपसूक जमला," ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, सत्तावन्नाव्या वर्षी कोड आपोआप जमतो? ते म्हणाले, मोबाईल जमला तसा हाही जमला, आणि भट्टीला त्यातून काही व्हावं असं मनात कधी आलं नाही, एकतीस वर्षांत एक ट्रे जळू दिला नाही. मॅडम म्हणाल्या, मुद्दा ट्रेचा नाही. तो त्यांच्यासाठी ट्रेचाच होता असं मला वाटलं. मग चिठ्ठीकडे बोट गेलं. कागद कुठला? ते म्हणाले, पडलेला मिळाला. अक्षर कोणाचं? ते म्हणाले, चांगलं आहे ना.

मग मॅडमनी मला विचारलं की असं एखाद्या माणसाला अपघाताने जमू शकतं का.

मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही.

हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मला पुढे कोणी काही विचारलं नाही. निर्णय शनिवारी, दसऱ्याला. मॅडम म्हणाल्या की राजीनामा दिला तर प्रकरण मिटवू, नाहीतर काढल्याचं पत्र निघेल.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी ते होते. मला मालवणी येते हे त्यांना तेव्हापासून माहीत. त्यांनी सांगितलं, रागावून नाही, शेजारच्याला हवा सांगावी तसं. वडील गिरणीत होते. दसऱ्याला साच्यावर, म्हणजे मागावर, कुंकवाने श्री काढल्याशिवाय साचा चालू करत नसत. इथे खाण्याचा माल, मशीनला कुंकू चालत नाही. भट्टी नवी आली तेव्हा दसरा दुसऱ्या दिवसावर आला होता. ते नुसतं म्हणाले होते, भट्टी श्रीशिवाय चालू करायची म्हणजे उपाशी माणसाला कामाला लावण्यासारखं. आणि कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणाली होती, थांबा काका, दहा मिनिटं द्या.

"तूच करून दिललंस गो. इसारलंस?"

मी म्हटलं, मग आत का नाही सांगितलंत?

"तुझा नाव कित्याक घेव? तुका मोठा पद गावतला म्हणतंत. माझा काय, मार्चाक घराकच जावचा आसा." मग गेटकडे बघून म्हणाले, "फक्त तो फोटो काढूक सांग. नातू ह्याच वाटेन शाळेत जाता."

मी म्हटलं, प्रोसेसप्रमाणे होईल. मग म्हटलं, बघते. मग रिक्षा आली.

दहा मिनिटं लागली होती, हे खरं आहे. आता आठवतंय. त्यांनी पडदा बघून हात जोडले होते, आणि मला कोणी हात जोडलेले ती पहिलीच वेळ. आजवर शेवटचीही. सोमवारी मी दुसऱ्या साइटवर होते.

उद्या सकाळी दहाला सरांना सांगणे. ठरलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. सकाळी १०.००

(जांभळा. मुद्दाम.)

सर मीटिंगमध्ये. साडेदहाला.

१०.३०

सर मोकळे, पण चहा पीत होते. चहा पिताना अशा गोष्टी सांगू नयेत. ईमेल बरी, लेखी राहते.

१२.१५

मसुदा एक: "सदर तपासणी वगळली गेली." कोणाकडून, हे वाचणाऱ्याला कळत नाही. शैली म्हणून उत्तम. खोडला.

मसुदा दोन: "प्रशिक्षणार्थी पातळीवर देखरेखीचा अभाव असल्याने." यात चूक सरांची होते. आकर्षक. खोडला.

मसुदा तीन: दोन पानं. पार्श्वभूमी, गिरण्या, सणांची परंपरा, शेवटच्या परिच्छेदात मी. वाचणारा तिथपर्यंत पोचणार नाही, हाच त्याचा गुण. ठेवून दिला.

देवेशला सहज विचारलं, ज्याला चूक माहीत आहे आणि तो बोलत नाही, अशा माणसाबद्दल तुझं काय मत? तो म्हणाला, कोणाबद्दल, माझ्याबद्दल? मी म्हटलं, तुला कधीपासून माहीत आहे? तो म्हणाला, चिठ्ठीचा फोटो आला त्या दिवसापासून.

"मग बोलला का नाहीस?"

"तू तेव्हा त्या अक्षराचं इतकं कौतुक करत होतीस," तो म्हणाला. "मूड घालवावासा वाटला नाही."

४.१०

पाठवली. सरांना, अनुपमा मॅडमना प्रत. पूर्ण मजकूर: "तपासणीची ओळ मी काढली. परत लावायला विसरले. चिठ्ठी माझी, अक्षर माझं. जयवंत गावडे यांनी मी शिकवलं तेवढंच केलं. माझ्या अहवालातील 'आतला माणूस' म्हणजे मी. गेटवरचा फोटो आजच काढावा. गंधाली राऊळ."

पाच मिनिटांत दहा वेळा इनबॉक्स पाहिला. नेटवर्क तपासत होते.

५.००

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. विचारलं की काल चौकशीत बसले होते तेव्हा माहीत होतं का. मी म्हटलं, हो. केव्हापासून? मी म्हटलं, सोमवारी सकाळी ११.२० पासून. ते म्हणाले की अचूकतेचा शेरा कायम ठेवायला हरकत नाही. मोकळेपणाचं मार्चमध्ये बघू.

पदाबद्दल ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. उद्या पूजेला जाहीर करणारच आहेत. प्रामाणिकपणामुळे उलट बाजू भक्कम झाली असावी.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा. सकाळी ९.४५

ऑफिसची पूजा. सर्व्हरला हार. सिक्युरिटी लीड: देवेश.

त्याने सोनं म्हणून आपट्याचं पान हातात दिलं आणि म्हणाला, यार, मी मागितलं नव्हतं. मी अभिनंदन केलं. मनापासून, साधारण सत्तर टक्के. लीड म्हणून त्याचा पहिला निर्णय: कांजूरमार्गची दुरुस्ती आजच जाऊन बसवायची. कोणी जायचं, तर ज्याने छिद्र पाडलं त्याने. निर्णयात मला चूक काढता आली नाही. मी प्रयत्न केला.

सायंकाळी ४.३०

गेटवर फोटो नव्हता. सेलोटेपचे चार तुकडे होते, चारी कोपऱ्यांचे.

काका भट्टीपाशी होते. टोपी, एप्रन. आज फक्त पूजा, उत्पादन बंद. मला बघून म्हणाले, इलंस? आणि चहा आणायला गेले. माफीचं एक वाक्य मी रिक्षात तयार केलं होतं. ते परत आले तेव्हा हातात दोन कप होते, वाक्य बोलायला जागा राहिली नाही. मी म्हटलं, काका, चुकलं माझं. हे तयार केलेलं वाक्य नव्हतं. ते म्हणाले, च्या थंड होता.

दुरुस्ती बसवली. चार मिनिटं. मॅडमनी चिठ्ठी त्यांना परत दिली होती. त्यांनी खिशातून काढली, चष्मा लावला आणि दर वर्षीसारखी ती ओळ एकेक अक्षर बघून रकान्यात टाईप केली. बटण दाबलं.

पडद्यावर सगळंच्या सगळं तसंच उमटलं. कंस, रंगाचं नाव, कंस, साइज, सात, आणि गर्दीत कुठेतरी काळंभोर, बारीक श्री.

"ह्या काय गो?"

मी म्हटलं, काका, याला सुरक्षित म्हणतात.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भट्टी थंड. मागे तिघेजण अगरबत्ती धरून थांबलेले. मी म्हटलं, पुढच्या व्हर्जनमध्ये सणांसाठी वेगळी सोय करता येईल, डिझाइन, टेस्टिंग, मंजुरी धरून साधारण एप्रिल. ते म्हणाले, एप्रिलात मी नाय.

मग त्यांनी चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. ट्रेवर तारीख टाकायचा मार्कर घेतला आणि प्लास्टिकवर श्री काढलं. वेलांटीला जरा वेळ घेतला. नारिंगी मार्कर नव्हता, निळा होता. अनुपमा मॅडम तिथेच होत्या. त्यांनी नियम आठवून बघितला आणि म्हणाल्या, लॅमिनेट केलेलं चालेल, धुता येतं. वॉचमनकडून सेलोटेप आणली. बहुधा तोच रोल.

काकांनी चिठ्ठी पडद्याच्या मधोमध लावली. श्री बाहेर, माझं अक्षर आत. हात जोडले. सगळ्यांनी जोडले. मीही. हात मोकळेच होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चिठ्ठीखाली भट्टीच्या तिसऱ्या टप्प्याचं तापमान झाकलं गेलंय. सोमवारी उत्पादन चालू झाल्यावर कोणाला दिसणार नाही. मी म्हटलं, काका, जरा दोन इंच डावीकडे. त्यांनी बघितलं, मान डोलवली आणि सरकवली.

रात्री ८.००

फॉर्म भरून पाठवला. मूळ कारणात माझं नाव लिहिलं, मधल्या अक्षरासकट. शोधणाऱ्याच्या रकान्यात थांबले. आपणच कुठेतरी ठेवलेला चष्मा आपल्यालाच मिळाला, तर त्याला शोध म्हणत नाहीत. लिहिलं: लागू नाही.

लगेच उत्तर आलं. आपोआप जाणारं. आपला अर्ज मिळाला, गर्दीमुळे विलंब होऊ शकतो.

आज डबा नव्हता, तरी सिंकमधली सगळी भांडी घासली. आईने कपाळाला हात लावून बघितला.

यंदा भट्टीच्या सुरक्षिततेसाठी माझं प्रत्यक्ष योगदान: एक चिठ्ठी, दोन इंच, डावीकडे.